चर्चिलचं आजोळ अमेरिका : नात्याचा वाटा किती, मेहनतीचा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘विन्स्टन चर्चिलची आई अमेरिकन होती म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात अमेरिका ब्रिटनच्या पाठीशी उभी राहिली, असं आम्हाला क्लासमध्ये सांगितलं. हे कितपत खरं आहे? आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट चर्चिलचे एवढे जिवलग होते, तर भारताच्या बाबतीत त्यांचं म्हणणं चर्चिलने का ऐकलं नाही?’

आधुनिक जगाचा इतिहास मी पदव्युत्तर वर्गांना तीसेक वर्षं शिकवला. या प्रश्नाचा पहिला भाग जवळजवळ दरवर्षी कुणी ना कुणी विचारायचं. दुसरा भाग फार थोड्यांनी विचारला, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. तुम्ही दोन्ही एकत्र विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला खरं तर चर्चिलच्या आईपेक्षा वेगळंच काही विचारायचं आहे. माणसांच्या नात्यागोत्यामुळे देशांचे निर्णय बदलतात का, आणि बदलत असतील तर कुठपर्यंत? याला एका शब्दात उत्तर नाही. सत्तेवर कोण आहे, निवडणूक किती जवळ आहे, तिजोरीत किती शिल्लक आहे, शत्रू दारात आहे की लांब आहे, यावर ते अवलंबून असतं. एकच नातं एका वर्षी उपयोगी पडतं आणि दुसऱ्या वर्षी त्याची आठवणही कुणी काढत नाही. चर्चिलच्या बाबतीत हे दोन्ही झालं, त्यामुळे उदाहरण म्हणून तो फार चांगला आहे.

आधी नातं काय होतं ते पाहू. जेनी जेरोम ९ जानेवारी १८५४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मली. तिचे वडील लिओनार्ड जेरोम शेअरबाजारात पैसा करणारे आणि तो दोन्ही हातांनी उधळणारे गृहस्थ. घोड्यांच्या शर्यतींचा त्यांना इतका नाद की त्यांच्या नावाचं रेसकोर्सच न्यूयॉर्कमध्ये उभं राहिलं. १८७३ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या काउज बंदरात एका नाचाच्या मेजवानीत जेनी आणि ड्यूक ऑफ मार्लबरोचा धाकटा मुलगा लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांची गाठ पडली, आणि तीन दिवसांत दोघांनी लग्न ठरवलं. देण्याघेण्याच्या बोलण्यात मात्र काही महिने गेले. शेवटी १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसच्या ब्रिटिश दूतावासात लग्न लागलं आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला विन्स्टन जन्मला.

अशी सोयरीक त्या काळात नवलाची नव्हती. इंग्लंडच्या सरदार घराण्यांकडे पदव्या आणि गळकी छपरं होती. अमेरिकेच्या धनिकांकडे पैसा होता, प्रतिष्ठा हवी होती. विन्स्टनचा चुलतभाऊ, म्हणजे मार्लबरोचा नववा ड्यूक, याने १८९५ मध्ये रेल्वेसम्राट व्हँडरबिल्ट घराण्यातली कॉन्सुएलो केली. आता विचार करा. इंग्लंडच्या उच्चवर्गात अमेरिकन आईची, अमेरिकन बायकोची माणसं ढिगाने होती. त्यातल्या किती जणांनी अमेरिकेशी जन्मभराचं सख्य जोडलं? आजोळ सगळ्यांना असतं. तिथे वारंवार जाऊन ओळखी वाढवणारा एखादाच निघतो. चर्चिल तो निघाला.

तो पहिल्यांदा अमेरिकेत गेला तो नोव्हेंबर १८९५ मध्ये, एकविसावा वाढदिवस तोंडावर असताना. क्यूबातलं बंड पाहायला निघाला होता, वाटेत न्यूयॉर्कला थांबला. आईच्या ओळखीचे बर्क कॉकरन यांच्याकडे तो उतरला. कॉकरन आयर्लंडमध्ये जन्मलेले, अमेरिकन काँग्रेसमध्ये गाजलेले वक्ते. आजोळाने त्याला दिलेली पहिली मोठी गोष्ट ती हीच. वडील त्याच वर्षी जानेवारीत गेले होते, आणि वडिलांनी त्याला कधी जवळ बसवून बोलायला शिकवलं नव्हतं. ते काम या आयरिश-अमेरिकन माणसाने केलं : वाक्य कसं उभं करायचं, सभेला कुठे थांबवायचं, युक्तिवाद कसा चढवत न्यायचा. पन्नास वर्षांनी, मार्च १९४६ मध्ये, मिसूरी राज्यातल्या फुल्टनच्या जगप्रसिद्ध भाषणात चर्चिलने कॉकरनचं नाव घेऊन त्यांचं एक वाक्य उद्धृत केलं. पन्नास वर्षं एखाद्याचे उपकार स्मरणात ठेवणं ही चर्चिलमधली मला मनापासून आवडणारी गोष्ट आहे.

१९०० च्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा गेला, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातल्या कैदेतून निसटल्याची हकीकत व्याख्यानांतून सांगून पैसे मिळवायला. न्यूयॉर्कच्या सभेत त्याची ओळख करून द्यायला मार्क ट्वेन उभे राहिले. वडिलांकडून इंग्रज, आईकडून अमेरिकन, म्हणजे परिपूर्ण माणूस, असं ते म्हणाले खरे. पण त्याआधी त्यांनी दोन्ही देशांना चांगलंच सुनावलं. इंग्लंडने दक्षिण आफ्रिकेत पाप केलं, आम्ही फिलिपिन्समध्ये केलं. आपण आधीच नातलग होतो, आता पापातही नातलग झालो, असा त्यांचा भावार्थ. सव्वीस वर्षांच्या पाहुण्याची ओळख अशी झाली. रक्ताच्या नात्याने सभागृहाचं दार उघडलं, पण टाळ्या कमवायच्या बाकीच होत्या, हे त्या संध्याकाळी त्याला उमगलं असावं.

त्याला मूळ घराण्याचाही अभिमान होता. आईच्या बाजूचा एक पूर्वज, रूबेन मरे, अमेरिकन क्रांतीत इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढलेला अधिकारी. त्याच्याच आधारावर १९५२ च्या जानेवारीत, ब्रिटनचा पंतप्रधान असताना, चर्चिलला ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ या क्रांतिवीरांच्या वंशजांच्या संस्थेत घेतलं गेलं. आईकडून आपल्यात इरोक्वॉय आदिवासींचं रक्त आलं आहे असंही त्या घरात सांगत; त्याला पुरावा मिळालेला नाही, तेव्हा उत्तरपत्रिकेत ते लिहू नका.

आता वर्गात मी काय करायचो ते सांगतो. दोन कागद वाटायचो, दोन्हींवरचं नाव झाकलेलं. पहिल्या कागदावर १९२७ मधल्या एका ब्रिटिश मंत्र्याच्या टिपणाचा सारांश : अमेरिकेशी युद्ध ‘अकल्पनीय’ आहे असं शांततेसाठी बोलत राहणं ठीक, पण ते खरं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या कागदावर १९४१ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये झालेलं छोटं भाषण : ‘मी माझ्या देशापासून, कुटुंबापासून दूर हा सण साजरा करतो आहे, तरी घरापासून दूर आहे असं मला खरोखर वाटत नाही. आईच्या बाजूचं रक्ताचं नातं म्हणा, की अनेक वर्षांत इथे जुळलेले स्नेह म्हणा.’ मग विचारायचो, हे दोघे कोण? इतक्या वर्षांत एकाही मुलाने दोन्ही कागदांवर एकच नाव लिहिलं नाही. दोन्ही चर्चिलचेच.

१९२४ ते १९२९ चर्चिल ब्रिटनचा अर्थमंत्री होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते त्याच्या तिजोरीतून जात होते, आणि वर अमेरिका नौदलात ब्रिटनच्या बरोबरीची क्रूझर जहाजं मागत होती. तो चिडलेला होता. आईची आठवण तेव्हाही तितकीच ताजी होती. ती १९२१ मध्ये गेली होती. पण १९२७ मध्ये हिशेब ब्रिटनच्या विरुद्ध जात होता, म्हणून आजोळ आठवलं नाही. नात्यामुळे धोरण ठरतं असं म्हणणाऱ्याने आधी हे वर्ष समजावून सांगावं.

आणि तरीही त्याचं जाणंयेणं थांबलं नाही. १९२९ मध्ये सत्ता गेल्यावर तो कॅनडा-अमेरिकेत तीन महिने फिरला. व्हर्जिनियातली यादवी युद्धाची रणांगणं पायी तुडवली, कॅलिफोर्नियात वृत्तपत्रसम्राट हर्स्टकडे राहिला, चॅप्लिनला भेटला, आणि न्यूयॉर्कला पोहोचला तो नेमका शेअरबाजार कोसळत असताना. त्यात त्याचेही पैसे बुडाले. डिसेंबर १९३१ मध्ये पुन्हा न्यूयॉर्क. रात्री फिफ्थ अॅव्हेन्यूच्या मधोमध टॅक्सीतून उतरून उरलेला रस्ता ओलांडताना त्याने इंग्लंडच्या सवयीने डावीकडे पाहिलं. गाडी उजवीकडून आली आणि तिने त्याला उडवलं. तो निघाला होता बर्नार्ड बरूक यांच्या घरी. बरूक म्हणजे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्धउत्पादनाची सूत्रं हाताळणारे वित्तज्ञ. चर्चिल तेव्हा ब्रिटनचा दारूगोळा मंत्री, त्यामुळे कामातून ओळख झाली आणि ती मरेपर्यंत टिकली. दोघेही १९६५ मध्येच गेले.

हे तपशील मी मुद्दाम देतो आहे. १९३९ पर्यंत ब्रिटनच्या पहिल्या फळीतल्या दुसऱ्या कुठल्याही राजकारण्याला अमेरिकेची रेल्वेस्टेशनं, संपादक, सावकार, व्याख्यानांची सभागृहं इतकी आतून माहीत नव्हती. चेंबरलेनला तर अमेरिकनांकडून शब्दांपलीकडे काही मिळेल यावर विश्वासच नव्हता. चर्चिलला अमेरिकन माणूस कशाने हलतो हे माहीत होतं. ही माहिती रक्तातून येत नाही, ती चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या येण्याजाण्यातून येते.

रूझवेल्टशी मैत्रीची सुरुवातही नात्याने झालेली नाही. दोघांची पहिली भेट १९१८ मध्ये लंडनमधल्या एका मेजवानीत झाली होती, आणि चर्चिल ती साफ विसरला होता. रूझवेल्टना मात्र त्याचं तेव्हाचं वागणं नीट लक्षात होतं, आणि ते काही गोड नव्हतं. ११ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू होऊन आठवडा उलटल्यावर, रूझवेल्टनी त्याला पत्र लिहिलं. त्यात धागा कुठला? आई नाही, वंश नाही. पहिल्या महायुद्धात आपण दोघे आपापल्या देशाच्या नौदल खात्यात होतो आणि आता तू पुन्हा तिथे आलास याचा आनंद आहे, एवढाच. चर्चिलनेही सही केली ती ‘नेव्हल पर्सन’ अशी. पंतप्रधान झाल्यावर ‘फॉर्मर नेव्हल पर्सन’. एका खात्यात नोकरी केलेल्या दोन माणसांची भाषा ती. पुढच्या साडेपाच वर्षांत दोघांमध्ये सुमारे दोन हजार पत्रं आणि तारा गेल्या-आल्या. चर्चिलने नंतर आपल्या सचिवाला सांगितलं, की रूझवेल्टच्या मर्जीचा मी जितका अभ्यास केला तितका कुठल्या प्रियकराने प्रेयसीच्या मर्जीचाही केला नसेल. मुलांना मी हे वाक्य आवर्जून सांगायचो. घरच्याच माणसाची मर्जी राखायला एवढा अभ्यास कोण करतं?

आता मदतीचा हिशेब. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. अमेरिका युद्धात उतरली ती डिसेंबर १९४१ मध्ये, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर. आणि जर्मनीशी तिचं युद्ध सुरू झालं ते ११ डिसेंबरला हिटलरनेच युद्ध पुकारल्यामुळे. मधलं दीड वर्ष ब्रिटन अमेरिकेची वाट पाहत होतं. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने ५० जुन्या विनाशिका दिल्या, त्याच्या बदल्यात ब्रिटिश वसाहतींमधल्या तळांचे हक्क ९९ वर्षांच्या पट्ट्यावर घेतले. मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज, म्हणजे युद्धसामग्री उसनी किंवा भाड्याने देण्याचा, कायदा झाला. त्यातून पुढे सुमारे ५० अब्ज डॉलरची सामग्री मित्रराष्ट्रांना गेली, निम्म्याहून जास्त ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्याला. पण त्याआधी ब्रिटनला आपली अमेरिकेतली मालमत्ता विकून दाखवावी लागली. कोर्टॉल्ड्स या ब्रिटिश कंपनीचा अमेरिकेतला फायदेशीर रेयॉनचा धंदा असाच पडत्या भावात गेला. आजोळच्या माणसांनी आधी ‘तुझ्याजवळ खरंच काही उरलं नाही ना?’ हे खिसे तपासून पाहिलं. मी त्यांना दोष देत नाही. रूझवेल्टना नोव्हेंबर १९४० ची निवडणूक लढवायची होती, आणि आपली मुलं युरोपच्या लढाईत पुन्हा मरू नयेत असं असंख्य अमेरिकन आईबापांना वाटत होतं. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

मग नात्याने काय केलं? केलं, आणि ते थोडंथोडकं नाही. जानेवारी १९४१ मध्ये रूझवेल्टनी आपला सर्वांत विश्वासू माणूस हॅरी हॉपकिन्स लंडनला धाडला : हा चर्चिल टिकणारा आहे का, हे पाहायला. हॉपकिन्स प्रकृतीने खंगलेला, स्वभावाने शंकेखोर, इंग्लिश सरदारी थाटाचा त्याला तिटकारा. चर्चिलने त्याला आठवडेच्या आठवडे जवळ ठेवलं, बॉम्बने पडलेल्या वस्त्यांमधून आणि बंदरांमधून फिरवलं. ग्लासगोतल्या एका जेवणाच्या वेळी हॉपकिन्स उभा राहिला आणि बायबलमधलं रूथचं वचन म्हणाला : तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक. आणि हळूच पुढे जोडलं, ‘अगदी शेवटपर्यंत.’ चर्चिलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. रूथ ही सून. सासूला सोडून माहेरी जायला नकार देणारी. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. इथे मला नात्याचा खरा उपयोग दिसतो. चर्चिल अमेरिकन माणसासमोर परका वाटत नव्हता. ब्रिटिश नेत्याने अमेरिकनांपुढे रडावं, मिठी मारावी, मध्यरात्रीपर्यंत गप्पा छाटाव्यात, यात त्याला संकोच नव्हता.

तेच २६ डिसेंबर १९४१ ला अमेरिकन काँग्रेससमोर. त्याने सुरुवातच अशी केली : माझे वडील अमेरिकन आणि आई ब्रिटिश असती, उलट नसती, तर मी कदाचित स्वतःच्या बळावर इथे निवडून आलो असतो. सभागृह हसलं आणि त्याचं झालं. पण तारीख पाहा. पर्ल हार्बर होऊन एकोणीस दिवस झाले होते. निर्णय झालेला होता. आईच्या उल्लेखाने त्यात ऊब आली. याच्या सहा महिने आधी हेच वाक्य तो बोलला असता, तर काँग्रेसमधल्या अनेकांनी ‘आम्हाला युद्धात ओढायला आला’ म्हणून पाठ फिरवली असती असं मला वाटतं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर : नात्याने अमेरिकेला युद्धात आणलं नाही. ते काम जपानने आणि हिटलरने केलं, आणि त्याआधीची मदत अमेरिकेच्या स्वतःच्या सुरक्षिततेच्या हिशेबातून आली. ब्रिटिश नौदल बुडालं तर अटलांटिक उघडा पडतो, हे रूझवेल्टना दिसत होतं. नात्याने चर्चिलला दोन गोष्टी दिल्या, तरुणपणी ओळखी आणि पुढे निर्धास्तपणा. बाकीचं त्याने कमावलं.

आता भारत. इथे मी इतिहासाचा शिक्षक असलो तरी तटस्थ राहू शकत नाही, आणि राहावं असं मला वाटतही नाही.

चर्चिल आपल्याकडे आला होता हे तुम्हाला माहीत असेल. १८९६ मध्ये त्याच्या रेजिमेंटचं जहाज मुंबईला लागलं. ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना त्याने भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि त्याचा खांदा निखळला. तो खांदा त्याला जन्मभर सतावत राहिला. पुढे पोलो खेळतानाही तो हात बांधून घ्यावा लागे. मग रेजिमेंट पुण्याला आली. गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, तो गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे जेवला. त्याच आवारात आम्ही पन्नास वर्षं त्याच्यावर व्याख्यानं देतो आहोत. तिथून तो बंगळुरूला गेला. अमेरिकेत पहिल्या भेटीत तो एका वक्त्याच्या पायाशी शिकायला बसला. भारतात राहून त्याने पुस्तकं वाचली, पोलो खेळला, सरहद्दीवर लढला. पण इथल्या एकाही माणसाकडून काही शिकला नाही. त्याला इथे कॉकरन भेटला नाही, कारण त्याने शोधलाच नाही. पुढच्या पन्नास वर्षांचं बीज मला यातच दिसतं.

ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात रूझवेल्ट आणि चर्चिल भेटले आणि अटलांटिक सनद, म्हणजे युद्धानंतरच्या जगाविषयीची दोघांची जाहीर घोषणा, निघाली. तिचं तिसरं कलम : आपलं सरकार कुठल्या स्वरूपाचं असावं हे ठरवायचा सर्व लोकांचा हक्क. आपल्याकडे आशा पालवल्या. ९ सप्टेंबरला चर्चिलने ब्रिटिश संसदेत सांगून टाकलं की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी आहे. भारत, ब्रह्मदेश यांचा प्रश्न वेगळा.

१० मार्च १९४२ ला रूझवेल्टनी त्याला लांबलचक तार केली. सिंगापूर पडलं होतं, रंगूनही गेलं होतं, जपानी बंगालच्या उपसागरात येत होते. रूझवेल्टनी सुचवलं : आमच्या तेरा राज्यांनी १७८३ ते १७८९ या काळात जसं तात्पुरतं, चाचपडतं सरकार चालवलं आणि मग राज्यघटना केली, तसं काहीतरी भारतात करून पाहता येईल. नीट पाहा, रूझवेल्ट चर्चिलला त्याच्या आजोळचाच इतिहास सांगत होते. आपल्या अमेरिकन क्रांतिकारक पूर्वजाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला. तो पाघळला नाही. एप्रिलमध्ये, भारतीय नेत्यांशी बोलणी करायला आलेले ब्रिटिश मंत्री क्रिप्स यांच्या वाटाघाटी फिसकटल्या, तेव्हा रूझवेल्टनी पुन्हा तार करून क्रिप्सना थांबवायला, आणखी एकदा प्रयत्न करायला सांगितलं. ती तार चेकर्स या पंतप्रधानांच्या खेड्यातल्या घरी पहाटे तीनच्या सुमारास पोहोचली, हॉपकिन्स तिथेच होता. चर्चिल भडकला. माझ्या निवृत्तीने काही भलं होणार असेल तर मी खुशाल घरी बसतो, इथवर तो गेला.

आणि इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मैत्रीमुळे चर्चिल नमायला हवा होता असं आपण धरून चालतो. झालं उलटं. मैत्री जपायची म्हणून माघार घेतली ती रूझवेल्टनी. जर्मनीशी लढायला त्यांना ब्रिटन आणि चर्चिल दोन्ही हवे होते. भारतासाठी ते पणाला लावायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी पुढे माणसं पाठवली, चौकश्या केल्या, पण ताण द्यायचं सोडलं.

त्यातलं एक उदाहरण पुण्यातलं आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना २१ दिवसांचं उपोषण केलं. रूझवेल्टचे वैयक्तिक प्रतिनिधी विल्यम फिलिप्स तेव्हा भारतात होते. गांधीजींना भेटायची परवानगी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे मागितली. ती नाकारली गेली, आणि वॉशिंग्टनने ती मिळवण्यासाठी जोर लावला नाही. फिलिप्सनी ब्रिटिश धोरणावर कडक अहवाल लिहिला. तो पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात फुटल्यावर लंडनमध्ये गहजब झाला. मी विद्यार्थ्यांना नगर रस्त्यावरच्या त्या वास्तूत घेऊन जायचो. महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्यांपाशी थांबून सांगायचो, की जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाचा माणूस या फाटकापर्यंत पोहोचू शकला नाही, कारण दोन मित्रांना एकमेकांना दुखवायचं नव्हतं.

बंगालच्या दुष्काळाचं विचारलं नाहीत, पण ते सोडून पुढे जाता येत नाही. १९४३ च्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं गेली, आणि धान्यासाठी जहाजं वळवण्यात लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने जी चालढकल केली तिला माझ्या लेखी क्षमा नाही. ज्यांना चर्चिलची बाजू मांडायची असते ते एक तार दाखवतात : २९ एप्रिल १९४४ ला त्याने रूझवेल्टकडे ऑस्ट्रेलियातून गहू आणण्यासाठी अमेरिकन जहाजं मागितली. ती तार खरी आहे. जूनच्या सुरुवातीला रूझवेल्टनी नकार कळवला, हेही खरं आहे. नॉर्मंडीच्या चढाईसाठी जहाजं लागत होती. ही तार उत्तरात जरूर लिहा, पण तारखेसकट लिहा. तोवर दुष्काळाचं सर्वांत भीषण वर्ष उलटून गेलं होतं.

मैत्रीचा शेवटचा काळही सरळ नाही. तेहरान आणि याल्टाच्या परिषदांत रूझवेल्ट स्टालिनला जवळ करत होते, चर्चिल बाजूला पडत होता. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. चर्चिल अंत्यविधीला गेला नाही. युद्धाच्या शेवटच्या घाईचं कारण दिलं गेलं, खरं मन कुणाला दिसलं नाही. लंडनमधल्या सेंट पॉल्समधल्या प्रार्थनेला मात्र तो रडला, हे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे.

९ एप्रिल १९६३ ला अध्यक्ष केनेडींनी त्याला अमेरिकेचं मानद नागरिकत्व दिलं. काँग्रेसने कायदा करून हा मान दिलेला तो पहिला माणूस. तो स्वतः थकलेला, लंडनमध्ये दूरचित्रवाणीवर पाहत बसलेला. मुलगा रँडॉल्फने त्याचं पत्र वाचून दाखवलं. आभाराच्या त्या पत्रातही त्याने बजावलं होतं, की ब्रिटन आणि राष्ट्रकुल यांना जगात मवाळ, दुय्यम भूमिकेत ढकललं जावं हे मला मान्य नाही. नागरिकत्व घेता घेता आपल्या घराची बाजू मांडली. वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश दूतावासापुढे त्याचा पुतळा आहे, एक पाय दूतावासाच्या जमिनीवर, दुसरा अमेरिकेच्या. आणि युद्ध संपल्यावर ब्रिटनने अमेरिकेकडून घेतलेलं ३.७५ अब्ज डॉलरचं कर्ज? दोन टक्के व्याजाने होतं. त्याचा शेवटचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये फेडला.

परीक्षेसाठी म्हणाल तर ‘आई अमेरिकन म्हणून’ या वाक्याने उत्तर सुरू करू नका. १९२७, १९४१ आणि १९४२ ही तीन वर्षं शेजारी ठेवा आणि प्रत्येक वर्षी कोणाला कोणाची गरज होती ते लिहा. नात्याचा वाटा किती हे त्यातूनच दिसेल. आणि वेळ मिळाला तर १० मार्च १९४२ ची रूझवेल्टची तार मुळातून वाचा. छापील पत्रव्यवहारात ती सहज सापडते. आपल्याविषयी दोन परके लोक काय बोलत होते, हे त्यात त्यांच्याच शब्दांत आहे.